पी पफर दाणे खाईनात, काय घालायचं? (सोलापूरचं पाणी, ऊन आणि प्लांटेड टाकी)

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी. घरी दोन फुटी माशांची टाकी आहे, आत झाडं लावलेली, पाणी साधारण ६० लिटर बसतं. मागं व्हॅलिसनेरिया, मधी लाकूड त्यावर अनुबियस आणि जावा फर्न, पुढं मॉस. पावसाळ्यापासून चालू आहे, झाडं मस्त लागलीत. आता त्यात पी पफर, म्हणजे ते फुगणारे बारके मासे, सोडलेत पाच, मित्रानं पुण्याहून येताना हुतात्मा एक्सप्रेसनं पिशवीत आणून दिले, एकेक अंगठ्याच्या नखाएवढा. दुकानदारानं सोबत माशांच्या सुक्या दाण्यांची डबी दिली आणि सांगितलं की हे खाऱ्या पाण्याचे असतात तर चिमूटभर मीठ टाकत जावा. दाणे टाकले की येतात, बघतात, तोंडात घेतात आणि थुंकतात. थुंकलेलं खाली पडून कुजायलंय. एकाचं पोट आत गेल्यासारखं वाटायलंय, बाकीचे चार फिरतात नीट. काय घालू आणि मिठाचं काय करू? लवकर सांगा कोणीतरी, उपाशी मासा बघवत नाही.

विजापूररोडची_अक्का
दादा मीठ आजपासून बंद. हा मासा पूर्ण गोड्या पाण्यातला, जन्मभर गोड्या पाण्यातच राहतो. मिठाचं ते दुसऱ्या पफरचं, ग्रीन स्पॉटेड आणि फिगर एट नावानं येतात बाजारात, ते खाडीच्या मचूळ पाण्यातले, आकारानं मोठे, आणि त्यांची माहिती दुकानातले सगळ्याच पफरला लावतात. जे टाकलंय ते एका दिवसात काढायची धडपड करू नका, आठवड्याच्या पाणी बदलात आपोआप उतरेल. तुमच्या झाडांनाही ते नकोच असतं.

दाणे खात नाहीत म्हणजे आजारी आहेत असं नाही, ते त्यांचं खाणंच नाही. हा शिकारी मासा. हलणारी वस्तू दिसली की आधी लांबून बघणार, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात त्याचे, मग शेपूट वाकडी करून जवळ येणार, अंदाज घेणार आणि टचकन तोंड मारणार. जे हलत नाही ते त्याच्या लेखी खाणं नाही. काही जणांचे पफर दाणे शिकतात असं ऐकलंय, पण त्या आशेवर मासे ठेवू नका.

आज उद्याची सोय म्हणून फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेले लाल किडे आणा, ते चौकोनी तुकड्यात मिळतात. अख्खा तुकडा टाकू नका, एका वाटीत टाकीचंच थोडं पाणी घेऊन त्यात विरघळू द्या, ते लाल पाणी ओतून टाका आणि किडे चिमट्यानं किंवा ड्रॉपरनं पफरच्या तोंडासमोर हलवत सोडा. हलवलं की खातात. पाच पफरना एका वेळी प्रत्येकी चार-पाच किडे पुरे, दिवसातनं दोनदा थोडं थोडं. पोट किंचित गोल दिसलं की थांबायचं.

पण हे तात्पुरतं झालं. माझं म्हणणं सरळ आहे, पफर पाळायचे तर त्यांचं खाणं आधी घरात तयार पाहिजे आणि मासा नंतर आणायचा. तुमचे मासे आलेतच, तर आता खाण्याची शेती लगेच सुरू करा. शंखवाले अण्णा येतीलच इथं, ते सांगतील नीट.

भीमाकाठ
थोडी मूळची माहिती देतो म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. याचं शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रावनकोरिकस. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्याचं वर्णन केलं, पंबा नदीतल्या माशांवरून, म्हणजे आत्ताच्या केरळात. पश्चिम घाटातल्या नद्या आणि त्यांच्या काठचं संथ, झाडाझुडपाचं पाणी हे त्याचं घर, जगात दुसरीकडं कुठं नैसर्गिक सापडत नाही. वाढून वाढून अडीच सेंटीमीटर, फार तर थोडा जास्त, जगातल्या सगळ्यात लहान पफरपैकी एक. आपल्याच देशाचा मासा आहे आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो असुरक्षित गटात आहे, कारण अधिवास कमी होतोय आणि शोभेच्या माशांच्या धंद्यासाठी नदीतनं पकडतात ते वेगळंच. म्हणून विकत घेताना टाकीत पैदास केलेले मिळतात का हे प्रत्येक वेळी विचारा. लोक विचारायला लागले की दुकानदारही मागवायला लागतात.

यातनं दोन गोष्टी निघतात. एक, संथ पाण्याचा मासा आहे तर जोराचा फिल्टर नको, स्पंज फिल्टर उत्तम. दोन, झाडी हवीच. त्याला लपायला लागते आणि एकमेकांच्या नजरेआड राहायलाही लागते. होटगीरोडकर तुमची टाकी ऐकून तरी बरोबर वाटतेय, मधी अजून थोडी दाटी करा.

शंखवाला_शेळगी
आलो आलो. अक्कांनी बोलावलं म्हणल्यावर येणारच.

पफरच्या तोंडात वर दोन खाली दोन असे चार दात जुळून चोच झालेली असते आणि ती वाढतच राहते. कडक काहीतरी फोडायला मिळालं तर झिजते. मोठ्या जातीत दात इतके वाढतात की तोंड मिटत नाही. या लहान जातीत ते कमी दिसतं, तरी नुस्तं मऊ खाणं देऊन चालवायचं मला पटत नाही. त्यामुळं शंख पाहिजेतच. आठवड्यातनं तीन चार वेळा तरी.

कुठले शंख? रॅम्सहॉर्न म्हणजे चपट्या चकलीसारखे, आणि ब्लॅडर म्हणजे ते बारीक टोकदार पातळ कवचाचे. दोन्ही फुकट मिळतात, दुकानात झाडं घेताना पानामागं चिकटलेले असतात, दुकानदार उलट खुश होतो कोणी मागितले तर. लांब शंकूसारखे असतात ना वाळूत घुसून बसणारे, ट्रंपेट, ते पफरला घालू नका, कवच फार टणक, चोचीला इजा होते म्हणतात. ते टाकीत वाळू हलवायला राहू देत, खाणं म्हणून नको.

पाळायचं कसं तर जुनी थर्माकोलची पेटी किंवा प्लास्टिकचा टब, वीसेक लिटरचा, त्यात बोरचं पाणी आणि मूठभर मॉस किंवा हायड्रिला. आपल्या सोलापूरचं बोरचं पाणी कडक आहे म्हणून बाकीचे मासेवाले रडतात, शंखाला मात्र तेच पाहिजे, कॅल्शियम असतं त्यात, कवच गुळगुळीत आणि जाड होतं. आरओच्या पाण्यात पाळाल तर कवचाला खड्डे पडतात. तरी वरनं समुद्रफेसाचा एक तुकडा टाकून ठेवा, किराणा दुकानात किंवा आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळतो. खायला उकडलेला दोडका, दुधी, पालकाचं पान. संध्याकाळी टाकायचं आणि सकाळी उरलेलं काढायचं, नाहीतर पाणी वास मारतं. हवेच्या पंपाचा एक बबल मंद लावला तर चांगलंच. पानांखाली जेलीचे पारदर्शक ठिपके दिसले की समजायचं अंडी घातली, मग बारकी पिल्लं पेटीभर होतात.

किती मोठा शंख घालायचा तर पफरच्या डोळ्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. एका माशाला एक-दोन. दहा-वीस एकदम टाकलं तर खेळ म्हणून मारतात, अर्धवट खातात आणि उरलेलं मांस कुजतं. रिकामी कवचं दिसली की चिमट्यानं उचला.

अजून एक. कंबर तलावातनं नाहीतर हिप्परग्यातनं शंख आणून थेट टाकीत टाकणारे आहेत आपल्याकडं. तसं करू नका. तळ्यातल्या शंखात परजीवी असतात. आणायचेच तर वेगळ्या पेटीत ठेवा, त्यांनी घातलेल्या अंड्यातनं जी पिल्लं निघतील तीच पफरला.

सातरस्ता_९
शंख लागेपर्यंत महिना तरी जाईल. सोपा उपाय सांगू का, गच्चीवर बादलीत पाणी भरून ठेवायचं, चार दिवसात डासाच्या अळ्याच अळ्या. फुकट आणि जिवंत. पफर तुटून पडतात त्याच्यावर. माझ्याकडं कायम असते बादली.

आरोग्यसेविका_नीलमनगर
सातरस्ता दादा, तुमचा हेतू माशाच्या भल्याचा आहे हे कळतं पण ही बादली गच्चीवर उघडी ठेवू नका हो. मी याच कामात आहे म्हणून कळकळीनं लिहितेय. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, घरोघरी हौद, पिंप, टाक्या भरलेल्या असतात, आणि डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस लागतात, उन्हाळ्यात त्याच्याही आत. तुम्ही दोन दिवस गावाला गेलात, बादली विसरली, की ते डास तुमच्याच गल्लीतल्या लेकरांना चावणार. आम्ही दारोदार फिरून पिंपं उपडी करायला सांगतो ते याच्यासाठीच.

दुसरं म्हणजे साठवलेल्या पाण्यात अळीनाशक टाकलेलं असतं, टेमीफॉस, लोक अबेट म्हणतात. तसल्या पाण्यातल्या मेल्या अर्धमेल्या अळ्या माशांना घालणं बरोबर नाही. आणि तुमच्या टाकीत भरायचं पाणीसुद्धा औषध टाकलेल्या हौदातलं घेऊ नका, त्यानं बारीक पाणकिडे, डॅफ्निया सगळं मरतं.

सातरस्ता_९
ताई हे अबेटचं लक्षात नव्हतं आलं. मग जिवंत खाणं दुसरं काय करावं सांगा, बादली उपडी करतो.

विजापूररोडची_अक्का
मोइना करा. बारीक पांढरट ठिपके, पाण्यात टुणटुण उड्या मारत फिरतात. डॅफ्नियाचाच लहान भाऊ म्हणा, पण ऊन जास्त सोसतो. डॅफ्निया सोलापूरच्या एप्रिलमध्ये एका दुपारीत मरतो, मोइना सावलीत ठेवला तर तग धरतो. टबात टाकीचं जुनं पाणी घ्या, उन्हात ठेवून हिरवं करा, मग सावलीत आणून मोइनाची सुरुवातीची पुडी किंवा बाटली सोडा. हिरवं पाणी संपलं की कोमट पाण्यात विरघळलेली यीस्ट अगदी चिमूटभर, पाणी किंचित गढूळ दिसेल एवढीच. आदल्या दिवशीचं गढूळपण गेलं नसेल तर त्या दिवशी काही घालायचं नाही. वरनं बारीक जाळी बांधायची म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. रोज गाळणीनं थोडे काढत राहायचं, काढले नाहीत तर एक दिवस सगळे एकदम मरतात. आणि एकाच टबावर विसंबू नका, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारके जीव, त्यांची अंडी पण मिळतात डबीत. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम खडं मीठ, जोराचा बबल, २८ डिग्रीच्या आसपास, एका दिवसात पिल्लं निघतात. नारिंगी ढग दिसला की बबल बंद करून कोपऱ्यात बॅटरी दाखवायची, पिल्लं उजेडाकडं येतात, टरफलं वर तरंगतात. गोड्या पाण्यात धुवूनच घालायची. मोठ्या पफरला ती बारकी पडतात पण लहान पफरला उत्तम.

ट्युबिफेक्स म्हणजे ते लाल किड्यांचे गोळे, ते मी घेत नाही. गटारीच्या घाणीत वाढलेले असतात.

मंगळवारपेठी
अक्का ट्युबिफेक्सबद्दल मी वेगळं बोलेन. आम्ही कित्येक वर्षं घालतो, सकाळ-संध्याकाळ धुतो, वाहत्या पाण्याखाली दोन-तीन दिवस ठेवतो मगच टाकतो. मासे तगडे होतात.

विजापूररोडची_अक्का
भाऊ तुम्ही तेवढं धुता म्हणून तुमचे टिकतात हे मान्य. पण नवीन माणूस पुडीतनं काढून थेट टाकीत सोडतो. आणि आपल्याकडं वाहतं पाणी कुठनं आणायचं, रोज पाणी न येणाऱ्या गावात किडे धुवायला नळ सोडून ठेवणं मला जमणार नाही. शंख आणि मोइना घरात होतात, मग ती जोखीम कशाला घ्यायची. पफरचं अंग खवल्याविना, कातडी पातळ, काही आजार लागला की औषधालाही तो नाजूक, तांब्याची औषधं तर त्याला अजिबात नकोत.

होटगीरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मीठ बंद केलं. फ्रोझन ब्लडवर्म आणले, चौघांनी झडप घालून खाल्ले. चिमटा दिसला की आता काचेजवळ येऊन उभे राहतात. शंखाची पेटी लावली, नवी पेठेतल्या दुकानातनं झाडासोबत शंख मागून आणले. पण तो पाचवा, पोट आत गेलेला, खातो तरी पोट भरल्यासारखं दिसत नाही, आणि शी पांढरी दोऱ्यासारखी आहे. याला काय झालंय?

भीमाकाठ
पोटात जंत असण्याची शक्यता मोठी आहे. नदीतनं पकडलेल्या पफरमध्ये हे खूप दिसतं, खातात पण अंगी लागत नाही, पाठ धारदार आणि पोट खपाटीला. त्याला वेगळ्या छोट्या टाकीत घ्या, स्पंज फिल्टर आणि थोडं मॉस टाकून, खाली रेती नको म्हणजे शी दिसते.

औषध म्हणून लेव्हामिसोल वापरतात, जनावरांच्या जंताच्या औषधात असतं. माशांसाठी साधारण दर लिटरला २ मिलीग्रॅम मूळ औषध, २४ तास, मग पाणी बदलून तळ साफ करायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या खेपेत जंतांची अंडी मरत नाहीत, त्यातनं नंतर पुन्हा जंत निघतात. उजेडानं औषध कमजोर होतं म्हणून टाकीवर कापड झाका. पण बाटलीत दुसरी औषधं मिसळलेली नाहीत ना हे बघा, आणि मिलीग्रॅम अंदाजानं घालू नका. जनावरांच्या डॉक्टरांना बाटली दाखवून हिशोब करून घ्या, ते करून देतात. बाकीच्या चौघांनाही नंतर हाच कोर्स द्यावा असं मला वाटतं, एकाच पिशवीतनं आलेत ते.

लूमवाला_अशोकचौक
खाण्याचं झालं, आता उन्हाचं बोला. फेब्रुवारी सरत आलाय. एप्रिल मे मध्ये आपल्याकडं ४२-४३ डिग्री धरून चालायचं, स्लॅबखालच्या खोलीत रात्रीसुद्धा भट्टी असते. या माशाला २२ ते २८ डिग्री बरं, ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं की त्रास.

आमचं घर पत्र्याच्या शेजारी आहे तरी टाकी चालते, कशी ते सांगतो. टाकीचं काचेचं झाकण उन्हाळ्यात काढून त्याजागी जाळी, आणि कॉम्प्युटरमधला लहान पंखा असतो ना तो कडेला लावून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरकी हवा सोडायची. आपल्या हवेत दमटपणा कमी, त्यामुळं पाणी उडतं आणि उडताना गारवा देतं, खोलीपेक्षा दोन ते चार डिग्री आरामात खाली. मुंबईवाल्यांना एवढं जमत नाही, आपल्याला जमतं. त्यात खोलीत कूलर असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा फायदा कमी होतो, पण खोलीच गार झालेली असते, त्यामुळं दोन्हीतलं काय परवडतं ते बघा.

पाणी रोज उडतं, बोट-दोन बोट. तेवढी भर बोरच्या पाण्यानं घालत गेलं की क्षार साचत जातात, कारण उडतं ते नुस्तं पाणी, क्षार खालीच राहतात. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्यानं घालायची आणि आठवड्याचा बदल नेहमीच्या पाण्यानं करायचा. हे लक्षात ठेवा, बरेच जण इथंच चुकतात आणि मग म्हणतात झाडाची पानं पांढरी का झाली.

बर्फ थेट टाकू नका. फारच तापलं तर बाटलीत पाणी गोठवून ती बाटली तरंगत ठेवायची, आणि दोन डिग्रीपेक्षा जास्त एकदम उतरवायचं नाही. वीज गेली तर बबल बंद पडतो, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, म्हणून यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि पॉवर बँक घरात ठेवाच.

भीमाकाठ
लूमवाल्या भाऊंच्या पोस्टला जोडून एक. आपल्या बोरच्या पाण्याचा पीएच माझ्या मोजणीत ८ च्या आसपास येतो. पाण्यात अमोनिया तयार झाला तर जास्त पीएच आणि जास्त तापमान दोन्हीमुळं त्याचा विषारी भाग वाढतो. म्हणजे जेवढं उरलेलं खाणं केरळातल्या मऊ पाण्यात एखाद्या वेळेस पचून जाईल तेवढंच आपल्याकडं मे महिन्यात मासा मारू शकतं. पफर खाताना सांडतोही फार. म्हणून उन्हाळ्यात खाणं थोडं कमी, जेवल्यावर दहा मिनिटांनी उरलेलं नळीनं ओढून घ्या, आणि आठवड्याला ३०-४० टक्के पाणी बदला. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्यच दिसायला हवेत.

नळाचं पाणी उजनीचं असो नाहीतर टाकळीचं, क्लोरीन असतो. एक दिवस उघड्या भांड्यात बबल लावून ठेवा किंवा अँटीक्लोरिन टाका. पाणी ज्या दिवशी येतं त्याच दिवशी टाकीसाठी वेगळं पिंप भरून त्याला जाळी बांधून ठेवा, म्हणजे अबेटची भीती नाही आणि डासाचीही नाही.

जुळेसोलापूर_नवखी
मधीच विचारते, माझ्या टाकीत गप्पी आणि चेरी श्रिंप म्हणजे बारक्या लाल कोळंब्या आहेत, त्यात दोन पफर सोडले तर चालतील का? दिसायला इतके गोड आहेत ते.

शंखवाला_शेळगी
ताई नको. गप्पीच्या शेपट्या कुरतडतील, हळू पोहणारा लांब पंखाचा मासा म्हणजे त्यांना आमंत्रणच. श्रिंपची पिल्लं तर खाणारच, मोठे श्रिंप दाट मॉसमध्ये वाचतात कधी कधी पण खात्री नाही. पफरला त्याचीच टाकी द्या. एक छोटी झाडांची टाकी, त्यात फक्त पफर, यात जेवढं बघायला मिळतं तेवढं दहा जातीच्या गर्दीत मिळत नाही.

होटगीरोडकर
परत आलो. पाचवा वेगळ्या टाकीत आहे, जनावरांच्या डॉक्टरांनी हिशोब करून दिला, औषधाची पहिली खेप झाली. पोटाला थोडी गोलाई आलीय, शीचा रंग गडद झालाय. मुख्य टाकीत शंख द्यायला लागलो. काय बघण्यासारखं असतं हो ते, शंख काचेवर चालत असतो, पफर खाली थांबून नुस्ता बघत राहतो, शंखानं मान बाहेर काढली की एकच घाव. माझी मुलगी शाळेतनं आली की आधी टाकीसमोर बसते, वही काढून ठेवलीय तिनं, कोणी किती शंख खाल्ले ते लिहिते.

आता नवीन प्रश्न. चौघातला एक बाकीच्यांना सारखा पळवतो. त्याच्या पोटाखाली काळी रेघ आहे आणि डोळ्यामागं सुरकुत्यासारखं काहीतरी. दुसरा एक तसाच आहे पण रेघ फिकी, तो कायम लाकडामागं असतो.

विजापूररोडची_अक्का
दोन्ही नर आहेत. पोटाखालची काळी रेघ आणि डोळ्यामागच्या रेघा ही मोठ्या नराची खूण. मादी जास्त गोल, अंगावर बारीक ठिपके जास्त, पोट पांढरं. लहान असताना कळत नाही म्हणून घेताना कोणालाच खात्री देता येत नाही. एका नरामागं दोन-तीन माद्या असाव्यात. ६० लिटरमध्ये दोन नर दाट झाडी असेल तर राहतातही, पण दबलेला नर खायला बाहेर येत नसेल, पंख फाटलेले दिसत असतील, तर वेगळा करावाच लागेल. आधी लाकडाच्या दोन बाजूंना व्हॅलिसनेरियाची भिंत करून बघा, टाकीच्या एका टोकाकडनं दुसरं टोक दिसायला नको. व्हॅलिसनेरिया आपल्या कडक पाण्यात झपाट्यानं वाढते, तिचेच धुमारे काढून लावा, विकत आणायची गरज नाही. खाणंही दोन ठिकाणी द्या, एकाच वेळी.

सातरस्ता_९
नाहीच जमलं तर एक नर हिप्परग्यात सोडून द्या, शेवटी आपल्याच देशाचा मासा आहे, तिथं शंख भरपूर आहेत, मजेत जगेल.

भीमाकाठ
नाही, हे कृपया कोणी करू नका. देशाचा असला तरी या पाण्याचा नाही. केरळातल्या नदीतला मासा भीमेच्या खोऱ्यात सोडणं म्हणजे बाहेरचाच मासा सोडणं. आफ्रिकेतला चिलापी मासा उजनी धरणात किती पसरला आणि त्यात आपल्या गावठी माशांचं काय झालं ते मासेमारी करणाऱ्या कोणालाही विचारा. शोभेच्या टाकीतले काच चाटणारे सकर मासेही लोकांनी असेच सोडले, ते आता जाळी फाडतात. टाकीतल्या माशासोबत टाकीतले जंत आणि आजारही तळ्यात जातात. मासा द्यायचा तर पाळणाऱ्याला द्यायचा.

सातरस्ता_९
बरोबर आहे भाऊ, हा विचार केला नव्हता. सोडू नका दादा.

होटगीरोडकर
नाही सोडणार, काळजी नसावी. झाडी वाढवून बघितली, दोन्ही टोकं आता एकमेकाला दिसत नाहीत. मोठा नर शांत झालाय बराच, पण लहान नर अजून संध्याकाळशिवाय बाहेर येत नाही आणि शेपटीला एक चीर दिसतेय. कोणाकडं जागा आहे का? पैसे नकोत, नीट सांभाळणारा पाहिजे.

विजापूररोडची_अक्का
मी घेते. माझ्याकडच्या एका टाकीत तीन माद्या आहेत, नर नाही. जमलं तर मॉसमध्ये अंडीही घालतील, पाचेक दिवसात फुटतात, पिल्लांना सुरुवातीला इन्फ्युसोरिया म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव आणि मग आर्टेमिया. पिल्लं झाली तर इथं सोलापुरातच ज्यांची शंखाची पेटी तयार आहे त्यांना देईन, म्हणजे तेवढे तरी नदीतनं यायचे वाचतील.

फक्त पकडताना जाळी वापरू नका. जाळीत घेऊन वर काढलं की घाबरून फुगतो, पाण्याबाहेर हवा गिळली तर ती लवकर बाहेर निघत नाही आणि मासा उलटा तरंगतो. पाण्यातच कप बुडवा, चिमट्यानं ब्लडवर्म दाखवत कपात येऊ द्या आणि पाण्यासकट उचला. झाकणाची बाटली घ्या, निम्मी टाकीचं पाणी, निम्मी हवा, आत मॉसचा एक झुपका. आदल्या दिवशी खायला घालू नका. ऊन चढायच्या आत आणा, मी सकाळी घरीच असते.

होटगीरोडकर
रविवारी सकाळी येतो अक्का. सोबत शंख पण आणू का, माझ्या पेटीत आता जागा उरली नाही.

विजापूररोडची_अक्का
आणा की, जेवढे आहेत तेवढे आणा. जुळे सोलापूरच्या ताईंना पण त्यातलेच देते, त्यांनी काल कळवलंय वेगळी टाकी लावली म्हणून. ताई, पफर अजून घेऊ नका, पाणी बसू द्या आणि शंखांची अंडी दिसेपर्यंत थांबा.